पाण्याचा अंदाज कोणी घ्यायचा?

प्रति,
मा. मुख्याध्यापक व सहलप्रमुख शिक्षक,
अहिल्यानगर जिल्ह्यातील सर्व माध्यमिक शाळा आणि कनिष्ठ महाविद्यालये



दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली की सूचनाफलकावर सहलीचा कागद लागतो. पाथर्डी असो, श्रीगोंदा असो की कोपरगाव, वाटा थोड्याफार फरकाने त्याच. एक महाबळेश्वर-प्रतापगड-कोल्हापूर करून गणपतीपुळ्याला उतरते, दुसरी रायगड पाहून अलिबाग, काशीद, मुरूड-जंजिऱ्याकडे वळते. एसटीची नैमित्तिक कराराची गाडी ठरते, शालेय सहलीच्या सवलतीसाठी कागदपत्रांची धावपळ होते आणि घरोघरी हमीपत्र येते. काही बरेवाईट झाले तर शाळा जबाबदार नाही, अशा अर्थाचा मजकूर त्यात असतो. पालक तो वाचत नाहीत. सही करतात, पैसे देतात, आणि पोरगी पहिल्यांदाच समुद्र बघणार म्हणून आई डब्यात चार दशम्या जास्त बांधते.

हे पत्र त्या समुद्राविषयी आहे. सहली बंद करा, असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. ज्या जिल्ह्याचे सगळे पाणी गोदावरी आणि भीमेवाटे पार बंगालच्या उपसागराला जाऊन मिळते, त्या जिल्ह्यातल्या मुलांनी निदान एकदा अरबी समुद्र पाहायलाच हवा. तक्रार आहे ती तो दाखवण्याच्या पद्धतीविषयी.

किनाऱ्यावर कोणी बुडाले की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत एक वाक्य ठरलेले असते, पाण्याचा अंदाज न आल्याने अमुकचा मृत्यू. हा अंदाज कोणाला यायला हवा होता, हे बातमी सांगत नाही. ज्याने आयुष्यात समुद्र पाहिलेला नाही त्या चौदा-पंधरा वर्षांच्या पोराला? अंदाज घेणे हे सहल नेणाऱ्याचे काम आहे. आणि आपल्या नगर जिल्ह्याला तर पाण्याचा अंदाज ही गोष्ट बाहेरच्या कोणी शिकवायला नको. याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने पडलेल्या पावसाचे मोजमाप घेऊन गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडला आणि त्यावरून कोणते पीक घ्यायचे, कोणते नाही, हे ग्रामसभेत ठरवले. देशभरातून माणसे ते बघायला येतात. टँकरच्या खेपा, कालव्याचे आवर्तन, विहिरीचे परस, बंधाऱ्यातली फूट, सगळ्याचा हिशेब तोंडपाठ असलेल्या जिल्ह्यातल्या शाळा समुद्रावर मात्र कसलाही हिशेब न करता उतरतात, ही गोष्ट खटकते.

आता काही घटना. आपल्याला त्या माहीत असतील, तरी एका ओळीत ठेवून पाहिल्या की त्यांच्यातले साम्य दिसते. १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याच्या आबेदा इनामदार महाविद्यालयाची शंभराहून अधिक विद्यार्थ्यांची सहल मुरूडच्या किनाऱ्यावर होती. चौदा विद्यार्थी बुडाले, त्यात मुली जास्त. १५ एप्रिल २०१७ रोजी बेळगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे आठ जण मालवणजवळ वायरीच्या समुद्रात बुडाले. १३ जानेवारी २०१८ रोजी डहाणूला सुमारे चाळीस विद्यार्थ्यांना घेऊन निघालेली बोट किनाऱ्यापासून फार दूर न जाताच उलटली आणि तीन मुली दगावल्या. जानेवारी २०२३ मध्ये काशीदला कन्नड तालुक्यातून आलेल्या शाळेच्या सहलीतले दोन विद्यार्थी गेले. कन्नड म्हणजे आपल्या शेजारच्या जिल्ह्यातला, आपल्यासारखाच पाण्याला पारखा तालुका. डिसेंबर २०२४ मध्ये कर्नाटकातल्या मुरुडेश्वरला कोलार जिल्ह्यातून आलेल्या निवासी शाळेच्या चार मुली बुडाल्या.

महिने पाहा. जानेवारी, फेब्रुवारी, एप्रिल, डिसेंबर. यातली एकही घटना पावसाळ्यातली नाही. जून-जुलैचा खवळलेला समुद्र माणसाला स्वतःच भिववतो. मुलांचे जीव जातात ते निळ्या, उन्हाने चकाकणाऱ्या, गुडघाभर लाटांच्या समुद्रात. आणि शाळांचा सहलीचा हंगाम नेमका अशाच समुद्राच्या दिवसांत असतो.

दुसरे साम्य असे की यातली बहुतेक मुले देशावरची, पठारावरची. किनाऱ्यावरची मुले बुडतच नाहीत असे नाही. पण कोळ्याच्या पोराला ओहोटीची वेळ आपल्या आवर्तनासारखी ठाऊक असते. आपल्या मुलांचे पाणी म्हणजे विहीर, शेततळे, कालवा, बंधारा. विहिरीत पाठीला डबा किंवा वाळलेला भोपळा बांधून पोहायला शिकलेला, वरून मुटका मारणारा पोरगा समुद्रावर सगळ्यांत पुढे असतो, कारण त्याला पोहता येते. विहिरीच्या पाण्याला ओढ नसते आणि चार हात मारले की कठडा किंवा पायरी हाताला लागते. त्यातून खाऱ्या पाण्यात शरीर अधिक तरंगते, म्हणून पहिली पाच मिनिटे त्याला विहिरीपेक्षाही सोपे वाटते. शिक्षकही त्यालाच सांगतात, तू पोहणारा आहेस, बाकीच्यांकडे लक्ष ठेव.

म्हणून पहिली मागणी ज्ञानाची आहे. समुद्रावर नेणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला रिप करंट म्हणजे काय हे माहीत असलेच पाहिजे. लाटा सतत पाणी किनाऱ्याकडे ढकलत असतात. ते पाणी परत जायला वाट शोधते आणि वाळूच्या दांड्यांमध्ये जिथे खिंड असते तिथून एका अरुंद पट्ट्यात जोराने आत निघून जाते. हा पट्टा काही ठिकाणी दहा-वीस पावलांचाच असतो. त्याचा वेग एरवी चालणाऱ्या माणसाइतका असला तरी जोर धरला की तो सेकंदाला दोन मीटरपर्यंत जातो, आणि त्या वेगापुढे ऑलिम्पिकमध्ये पोहणाऱ्याचाही टिकाव लागत नाही. तो माणसाला खाली ओढत नाही, किनाऱ्यापासून लांब नेतो. सापडलेला माणूस घाबरून किनाऱ्याच्या दिशेने, म्हणजे प्रवाहाच्या थेट विरुद्ध, हात मारत राहतो, दमतो आणि मग बुडतो. सुटका व्हायची असेल तर आधी पाठीवर तरंगत राहायचे, हात वर करून मदत मागायची आणि जमत असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्यातून बाजूला निघायचे.

यातली खरी फसगत वेगळी आहे. दोन्ही बाजूंना लाटा फुटत असताना मधल्या ज्या पट्ट्यात लाट फुटत नाही, पाणी जरा गडद आणि शांत दिसते, तोच बहुधा रिप करंट असतो. फेस किंवा गढूळपणा त्या पट्ट्यातून आत जाताना दिसला तर खात्रीच. समुद्र न जाणणारा शिक्षक मुलांसाठी जागा निवडतो तेव्हा इथे लाटा कमी आहेत, इथे खेळा, असे म्हणून तो प्रामाणिकपणे सगळ्यांत वाईट जागा निवडतो.

दुसरी गोष्ट भरती-ओहोटीची. हिच्यासाठी मोबाइलही लागत नाही, कारण साधन, म्हणजे तिथी दाखवणारी दिनदर्शिका, मुख्याध्यापकांच्या कार्यालयात खिळ्याला टांगलेलीच असते. मुंबई-रायगडकडचा जुना ठोकताळा असा, की तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा तास येतो. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, म्हणून भरती पहाटे तीनला आणि दुपारी तीनच्या पुढेमागे, आणि ओहोटी सकाळी व रात्री नऊच्या सुमारास. शुद्ध असो वा वद्य, मोजणी एक ते पंधराच. रत्नागिरी-मालवणकडे भरती मुंबईच्या काहीशी आधी लागते, तेवढा फरक धरायचा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती, अष्टमीच्या आसपास भांगाची. एकादशीचा उपास, चतुर्थीचा चंद्रोदय, अमावास्येला नवे काम नको, हे सगळे पंचांगात बघून करणारा समाज सहलीची तारीख मात्र दुसऱ्या शनिवारावरून ठरवतो.

तिथी का बघायची, याचे गणितही शाळेतलेच आहे. मोठ्या उधाणाच्या दिवशी मुंबई-रायगडच्या पट्ट्यात भरती आणि ओहोटीच्या पातळीत चार मीटरहून जास्त फरक पडतो. पाणी चढायला लागल्यावर पहिल्या तासात थोडेच चढते, पण मधल्या दोन तासांत जवळजवळ निम्मे चढून जाते, म्हणजे तासाला मीटरभर. मुरूडसारख्या पसरट किनाऱ्यावर पन्नास पावलांना एक पाऊल उतार धरला, तर पाण्याची कड तासाभरात पन्नास मीटर पुढे सरकते. ओहोटीला चालत आत गेलेली मुले वाळूच्या उंचवट्यावर फोटो काढत उभी असतात आणि त्यांच्या पाठीमागची सखल पन्हळ आधी भरते. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावरही नेमके हेच होते. ओहोटीत चालत जाता येते, परतायला उशीर केला की वाट पाण्याखाली.

मात्र तिथीवर सगळा भार टाकू नये. मुरूडची दुर्घटना घडली तो दिवस पौष वद्य अष्टमीचा, म्हणजे उधाणाचा नव्हे, भांगाचा होता. पंचांगाने तो सौम्यच ठरवला असता. पंचांग बघणे ही तयारीची पहिली पायरी झाली. दुसरी पायरी गाडीतून उतरल्या उतरल्या किनाऱ्यावरच्या माणसाला विचारण्याची. जाळे विणणारा कोळी, नारळपाणीवाली मावशी, घोडागाडीवाला, ग्रामपंचायतीचा जीवरक्षक, कोणीही. कुठे उतरायचे नाही, हे त्यांना बोटाने दाखवता येते. मुरूड असो वा वायरी, मुलांना बाहेर काढायला आधी धावतात ते हेच लोक. त्यांना सहल पोहोचल्यावर दोन मिनिटे विचारायला आपल्याला संकोच का वाटावा? नगरी माणूस एरवी बोलायला कोणाला घाबरत नाही.

आता कागदांविषयी. मुरूडनंतर शिक्षण खात्याने सहलींसाठी अटी वाढवल्या. परवानग्या, हमीपत्रे, धोक्याच्या जागा टाळण्याच्या सूचना. हेतू चांगला होता. झाले असे, की समुद्र प्रस्तावात कमी दिसू लागला आणि वेळापत्रकात तसाच राहिला. प्रस्तावात किल्ला आणि मंदिर लिहिलेले असते. किनारा देवळाला लागूनच असतो, मुले हट्ट धरतात आणि सर म्हणतात, चला, अर्धा तास. न लिहिलेल्या अर्ध्या तासासाठी कोणतीही तयारी केलेली नसते. दोरी नाही, शिट्टी नाही, कोण कुठे उभे राहणार हे ठरलेले नाही. बंदीचा कागद शाळेला वाचवतो की मुलाला, याचा विचार खात्याने आणि आपण मिळून करावा. समुद्रावर जायचेच असेल तर तो प्रस्तावात पहिल्या ओळीत लिहावा, तासासकट.

याच संदर्भात रात्रीच्या प्रवासाची तक्रार केली पाहिजे. मुक्कामाचे पैसे वाचावेत म्हणून सहली रात्रभर चालतात. दोन रात्री न झोपलेले चार शिक्षक आणि ऐंशी मुले पहाटे किंवा भर दुपारी किनाऱ्यावर उतरतात. सर गाडीच्या सावलीत टेकतात, बाई पिशव्या सांभाळतात, आणि मुलांच्या अंगात मात्र उत्साह मावत नसतो. वर्गणी शे-दोनशे रुपयांनी वाढली तरी चालेल, पण समुद्राच्या आदल्या रात्री मुक्काम हवा. पालकांना कारण सांगितले तर ते पैसे देतात. न सांगता वाढवले तर कुरकुरतात, हे खरे.

किनाऱ्यावरची शिस्त कशी असावी हे सांगायला मोठे तज्ज्ञ लागत नाहीत. पोहणे नाही, फक्त पाय भिजवणे, आणि तेही गुडघ्याच्या खाली. एका वेळी दहा-बारा मुले, बाकीची वाळूवर. मुलांच्या जोड्या लावून द्याव्यात, म्हणजे प्रत्येकाला आपला जोडीदार कुठे आहे हे विचारता क्षणी सांगता येईल. शिक्षकांनी मुलांच्या मागे, वाळूवर, उभे राहून उपयोग नाही. ते मुलांच्या पुढे, समुद्राच्या बाजूला, मुलांकडे तोंड करून उभे असले पाहिजेत, म्हणजे पुढे सरकणारे पोर आधी सरांना धडकेल. एका शिक्षकाने पाण्यात न उतरता फक्त मोजत राहायचे. त्याच्या हातात मोबाइल नको. ही जागा पी.टी.च्या सरांची आहे असे समजण्याचे कारण नाही. गणिताच्या बाई जास्त चांगल्या मोजतील.

बुडणारा माणूस सिनेमात ओरडतो, प्रत्यक्षात क्वचितच. तोंड पाण्याच्या पातळीला, मान मागे, हात पाण्यावर दाबल्यासारखे, आणि आवाज नाही. श्वास घ्यायलाच वेळ पुरत नाही, ओरडणार कधी? मिनिटभरात सगळे संपू शकते. चार पावलांवर मुलगा बुडत असताना शेजारच्यांना तो मस्ती करतोय असे वाटते, ते यामुळेच. मोजणारी व्यक्ती दुसरे काही करत नसली पाहिजे, याचे कारणही हेच.

मग कोणीतरी उडी घेतो, आणि एकाचे दोन, दोनाचे चार होतात. याचा सगळ्यांत कटू धडा समुद्राने नव्हे, आपल्याच प्रवरेने दिला. मे २०२४ मध्ये अकोले तालुक्यात सुगावजवळ नदीत बुडालेल्या तरुणांचा शोध घ्यायला धुळ्याहून राज्य आपत्ती प्रतिसाद दलाचे पथक आले. शोध सुरू असताना त्यांचीच बोट उलटली आणि दलाचे तीन जवान मृत्युमुखी पडले. प्रशिक्षित, गणवेशातली, साहित्य असलेली माणसे. त्यांच्या बाबतीत पाणी असे वागत असेल तर पँट वर करून धावणाऱ्या मराठीच्या सरांचे काय? मुलांना आणि शिक्षकांना एकच सवय लावायची, की आत उडी घ्यायची नाही, काहीतरी फेकायचे. सहलीच्या गाडीत पंधरा-वीस मीटरचा दोर आणि झाकण घट्ट लावलेला पाच लिटरचा रिकामा कॅन असावा. दोराला कॅन बांधून शाळेच्या मैदानावर फेकायचा सराव एका तासात होतो आणि मुलांना तो क्रिकेटइतकाच आवडेल.

बाहेर काढलेल्या मुलाचे काय करायचे, इथेही आपल्याकडचे जुने उपाय घातक आहेत. उलटे टांगणे, खांद्यावर घेऊन गरगर फिरवणे, घागरीवर पालथे घालून पोट दाबणे, यात मोलाची मिनिटे जातात आणि पोटातले पाणी फुप्फुसात उतरू शकते. श्वास बंद असेल तर आधी तोंडाने श्वास द्यायचे, मग छातीच्या मध्यावर तीस दाब आणि दोन श्वास, हे चक्र मदत येईपर्यंत थांबवायचे नाही. शुद्धीवर आला, बोलू लागला, तरी खोकला किंवा धाप असेल तर त्याला दवाखान्यात न्यायचेच. दूरध्वनी क्रमांक सहलीच्या प्रत्येक शिक्षकाच्या खिशात हवेत. ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, तटरक्षक दलाचा १५५४, सागरी पोलिसांचा १०९३. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांना बोलावले तर ते शिक्षकांना अर्ध्या दिवसात छाती दाबण्याचे प्रशिक्षण देऊ शकतील. बोलावणे तेवढे जायला हवे.

बोटीबद्दल थोडक्यात. जंजिऱ्याला जायचे तर होडी आलीच. लाइफ जॅकेट होडीत असणे आणि अंगावर असणे यात फरक आहे. मुंबईच्या गेटवेवरून घारापुरीला निघालेली नीलकमल बोट १८ डिसेंबर २०२४ रोजी नौदलाची स्पीडबोट आदळून उलटली, पंधरा जण गेले, आणि त्यानंतर तिथे प्रवाशांना जॅकेट सक्तीची झाली. आपल्या मुलांसाठी ती सक्ती शाळेने आधीच करावी. मुलांपेक्षा जॅकेट कमी असतील तर होडीच्या दोन खेपा कराव्यात. वर्गाचा एकत्र फोटो काढायचा असेल तर तो किल्ल्यात काढावा, होडीच्या एका बाजूला सगळ्यांनी गोळा होऊन नव्हे.

आणि आता ती गोष्ट, जिच्यावर हे पत्र जरा रेंगाळणार आहे. मुरूडला बुडालेल्यांत मुली जास्त होत्या. डहाणूला तिघीही मुली. मुरुडेश्वरला चौघीही मुली. आपल्या गावांत पोहणे ही मुलग्यांची मिरास आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत मामाच्या मळ्यातल्या विहिरीत भाचे पोहायला शिकतात, भाच्या काठावर बसून त्यांचे कपडे सांभाळतात. मोटेच्या काळात हे असेच होते, ठिबकच्या काळातही तसेच आहे. सायकली आल्या, पोलीस भरतीसाठी पहाटे पळणाऱ्या मुली आल्या, कुस्तीच्या आखाड्यात मुली आल्या. पाण्यात मात्र त्या उतरल्या नाहीत. ज्या मुलीच्या नाकात कधी पाणी गेलेले नाही, तिला लाटेने एकदा पाडले की ती घाबरते आणि सलवार-ओढणी भिजून जड झाली की तिला उठता येत नाही.

जपानमध्ये १९५५ हे साल असेच होते. मे महिन्यात शिउन मारू ही फेरीबोट धडक होऊन बुडाली, १६८ जण गेले आणि त्यांत शालेय सहलीची मुले मोठ्या संख्येने होती. जुलैमध्ये त्सु शहरात समुद्रात पोहण्याचा सराव करताना माध्यमिक शाळेच्या ३६ मुली बुडाल्या. त्या देशाने सहली थांबवल्या नाहीत. पुढच्या काही दशकांत शाळोशाळी तलाव बांधले गेले आणि पोहणे हा शाळेतला रीतसर विषय झाला, मुलगे-मुली दोघांसाठी. जागतिक आरोग्य संघटनाही सहा वर्षांवरील मुलांना पोहण्याची आणि पाण्यात सुरक्षित राहण्याची मूलभूत कौशल्ये शिकवा, असेच सांगते.

आपल्याकडे पाण्याचे दुर्भिक्ष आहे, तलाव कुठून बांधणार, हा प्रश्न रास्त आहे. पण प्रत्येक शाळेला तलाव हवा असे कोण म्हणते? महाराष्ट्रातला पहिला सहकारी साखर कारखाना प्रवरेच्या काठी याच जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी उभा केला. त्यानंतर इथे कारखान्यांभोवती महाविद्यालये, वसतिगृहे, क्रीडासंकुले उभी राहिली. तालुक्याला एक, कंबरभर पाण्याचा साधा तलाव, मुलींसाठी राखीव वेळ, शिकवायला बाई आणि आळीपाळीने येणाऱ्या शाळा, एवढे या जिल्ह्याच्या सहकाराला झेपणार नाही असे म्हणणे सहकाराचा अपमान ठरेल. स्पर्धेत पोहण्याइतके शिकवायचे नाही. पाठीवर मिनिटभर तरंगणे, पाण्यात श्वास सोडणे, पंचवीस मीटर कसेही करून पार करणे, इतके पुरे.

हे समुद्रापुरते नाही, याचीही आपल्याला कल्पना आहेच. देशात दर वर्षी ३५ हजारांहून अधिक माणसे बुडून मरतात अशी नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे होते, आणि त्यांतल्या बहुतेकांना मरायला समुद्रापर्यंत जावे लागत नाही. नगर जिल्ह्यात आता बांधाबांधावर शेततळी आहेत. प्लास्टिकचा कागद अंथरलेली, चारी बाजूंनी उतरती, शेवाळाने बुळबुळीत. त्यात पडलेल्या पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही, कारण हाताला धरायला काही नसते. गाठी मारलेला दोर चारही काठांवरून आत सोडलेला असावा, एखादे जुने टायर बांधून तरंगत ठेवलेले असावे, भोवती तारेचे कुंपण असावे. हे प्रत्येक मुलाने घरी जाऊन वडिलांना सांगावे, असा गृहपाठ शाळेने द्यावा. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी दिला तर उत्तम. भंडारदरा, मुळा धरण, कालव्यांचे पूल, उजनीच्या फुगवट्याला लागलेली कर्जतकडची गावे, जिथे ज्याचे पाणी असेल तिथला धोका त्या शाळेने शिकवावा. काठावरून बुडणाऱ्याकडे दोर फेकायला शिकलेले पोर तो शेततळ्यावरही फेकेल आणि काशीदलाही.

पुन्हा किनाऱ्याकडे वळायचे, तर गोव्यात २००८ पासून राज्य सरकारने किनाऱ्यांवर पगारी जीवरक्षक नेमले आहेत. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधल्या पट्ट्यातच पाण्यात उतरायचे आणि लाल झेंडा दिसला की उतरायचे नाही, हे तिथे येणाऱ्या परदेशी पाहुण्यालाही कळते. आपल्या कोकणात ही व्यवस्था गावागणिक वेगळी आहे, बहुतेक ठिकाणी ग्रामपंचायतीच्या नाही तर नगरपंचायतीच्या कुवतीवर उभी आहे. ती सुधारणे आपल्या हातात नाही. जिथे जीवरक्षक आहे तोच किनारा आणि तो कामावर असतो तीच वेळ निवडणे मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे. सहल ठरवताना हॉटेलला फोन जातो, तसा एक फोन त्या गावच्या ग्रामपंचायतीला जाऊ द्या.

शेवटी हमीपत्राविषयी एक विनंती. या वर्षीच्या छापील नमुन्यात पालकांच्या सहीच्या वर शाळेच्या बाजूनेही चार ओळी याव्यात. कोणत्या किनाऱ्यावर, कोणत्या तारखेला आणि तिथीला, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत मुले पाण्याजवळ असतील. त्या दिवशी भरती-ओहोटीच्या वेळा काय आहेत. तिथे जीवरक्षक आहे की नाही. आणि मुले पाण्याजवळ असताना मोजणी करणाऱ्या शिक्षकाचे नाव काय. त्याखाली मुख्याध्यापकांची सही आणि शाळेचा शिक्का, मग खाली आमची. पहिल्या सहलीची गाडी डेपोतून निघण्याआधी हा नमुना छापून व्हावा, इतकीच अपेक्षा आहे.



आपला,
जिल्ह्यातील एक पालक